जामीन झाला, जामीन मिळेना

...पत्रिकेवर माझ्या भाषणाचा ‘जनहित याचिका आणि बंद्यांचे हक्क’ असा विषय छापलाय. त्याकडे येतोच. पण आधी एका शब्दापाशी थांबू द्या. आपल्या मराठीत कोर्ट मंजूर करतं तोही जामीन, आणि हमी द्यायला उभा राहतो तो माणूसही जामीन. ‘तुझा जामीन झाला, आता जामीन आण,’ हे कोर्टाच्या आवारात रोज ऐकू येतं. पहिला कायद्यानं मिळतो. दुसरा ज्याचा त्यानं शोधायचा.

गरिबांना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवेकडून माझ्याकडे एका ऊसतोड मजुराचं प्रकरण आलं होतं. चोरीचा आरोप. पंधरा हजारांचा जामीन मंजूर झाला, मला वाटलं सुटला. त्याची बायको दोन एसट्या बदलून चुलतदिराला घेऊन आली. सातबारा पिशवीत जपून आणलेला. तो पाहून सांगण्यात आलं, जमीन परजिल्ह्यातली आहे, वर सोसायटीचा बोजा. ऐपतीचा दाखला आणा. ती परत गेली. दाखला आला तोवर चुलतदीर कारखान्यावर गेलेला. कडेवरच्या पोराला घेऊन ती बाई माझ्यासमोर उभी राहिली नि म्हणाली, “साहेब, जज साहेबांनी सोडलंय ना? मग धरून कोणी ठेवलंय?” मला उत्तर देता आलं नाही. मंजूर जामिनावर तो चार महिने आत होता.

हे नवं नाही. १९७८ सालचा मोतीराम खटला घ्या. मध्य प्रदेशातला गवंडी, दहा हजारांचा जामीन, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून भाऊ नाकारलेला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला हजाराच्या जातमुचलक्यावर, म्हणजे त्याच्या स्वतःच्याच हमीवर, सोडलं. पुढे ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं, की स्थानिक जामीनदाराचा आग्रह धरू नका. मध्ये चव्वेचाळीस वर्षं गेली! मला राग येतो तो याचा.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. मग भरभर सांगतो.

१९७९ चं हुसैनआरा खातून प्रकरण. बिहारच्या कच्च्या, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेल्या, कैद्यांवरचे वर्तमानपत्रातले लेख घेऊन कपिला हिंगोरानी सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि जलद खटला हा राज्यघटनेच्या कलम २१ मधला, जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचा भाग ठरला. तरी एनसीआरबीच्या, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या, २०२२ च्या आकड्यांत तुरुंगातले ७५.८ टक्के लोक कच्चे कैदी होते, ४ लाख ३४ हजारांहून जास्त.

हत्यारं मात्र आहेत. २०२३ च्या त्याच आदेशानुसार जामिनानंतर सात दिवसांत माणूस सुटला नाही, तर कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिना उलटला तर कोर्ट स्वतःहून अटी शिथिल करू शकतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ बघा: पूर्वी कधीच शिक्षा न झालेल्यानं कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला बंधपत्रावर सोडायचं. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक प्रकरणं प्रलंबित असलेले लोक यातून वगळलेत. आता ‘बंधपत्र’ शब्दाची व्याख्या त्याच संहितेत वाचा: जामीनदाराशिवायचं. त्या बाईला हवं होतं ते हेच. ही संहिता येण्याआधीच्या गुन्ह्यांतल्या कच्च्या कैद्यांनाही हे लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलंय.

आमची जनहित याचिका एवढीच मागणी करते, की जामीन होऊन सात दिवसांत न सुटलेल्यांची यादी दर सोमवारी जिल्हा न्यायाधीशांपुढे जावी. मसुदा बाहेरच्या टेबलावर ठेवलाय. वकील मंडळींनी त्यातला चौथा परिच्छेद तपासून द्या, तिथं मला मदत हवी आहे.