घर बघायला पहाटे तीन वाजता

(अंधार. आधी एका पाण्याच्या मोटरचा आवाज. मग दुसरीचा, मग तिसरीचा.)

पहाटेचे तीन वाजून दहा मिनिटं झाली आहेत. सोलापूरच्या जुळे सोलापूर या उपनगरातली ही एक साधी गल्ली. रस्त्यावरचे दिवे चालू, कुत्री झोपलेली आणि माणसं जागी. गेटाजवळच्या हौदांची झाकणं उघडी पडलीत, अंगणात हिरवे पाईप पसरलेत. आज या गल्लीची पाण्याची पाळी आहे.

आम्ही इथं घर बघायला आलोय. याच वेळेला, मुद्दाम.

पहिल्यांदा आलो होतो ते रविवारी सकाळी अकराला. एजंटनं गाडीतून फिरवलं, टेरेसवरून वारा दाखवला, खाली उतरताना चहा पाजला. पाण्याचं विचारलं तर म्हणाला, "काय टेन्शन नाही साहेब, उजनीची लाईन आहे की." ते खोटं नव्हतं. उजनी धरणातून सोलापूरपर्यंत शंभर किलोमीटरहून लांब जलवाहिनी आहे. शिवाय भीमेचं पाणी औजच्या बंधाऱ्यावर अडवून टाकळीहून उपसतात, आणि तिसरा आधार एकरूखच्या तलावाचा, ज्याला आपण हिप्परगा तलाव म्हणतो. पण धरण भरणं आणि आपला हौद भरणं यांच्या मधे बरंच काही असतं. उंच टाक्या, व्हॉल्व्ह, रस्त्याचे चढउतार, आणि शेजाऱ्यानं थेट नळालाच जोडलेली मोटर. या शहरानं वर्षानुवर्षं तीन-चार-पाच दिवसांआड पाणी भरलंय. तुमच्या वाट्याला त्यातला कुठला आकडा येणार, ते तुम्ही कुठल्या गल्लीत राहता यावर ठरतं.

(सकाळ. रस्त्याच्या कडेचा चेंबर. लोखंडी झाकण बाजूला सरकतं.)

ही पाणी सोडायची चावी. माणसाच्या छातीइतकी उंच लोखंडी सळई, वर आडवा दांडा. चावीवाला ती चेंबरमध्ये सोडतो, व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसली की दांड्याला दोन्ही हातांनी धरून फिरवायला लागतो. तोंडानं फेरे मोजतो. मधेच थांबून पाय चेंबरच्या कडेला टेकवतो, कान देतो. आतून घुरघुर ऐकू आली की आणखी दोन फेरे. एवढ्यानं तीनशे-चारशे घरांची सकाळ सुरू होते.

आमच्या हातात शहराचा नकाशा होता. तो बघून हसला. "नकाशा कशाला, मला इचारा की. ही गल्ली हितनं चढाला लागती. वरच्या टोकाला पाणी चढंपतुर खालच्यांचे हौद भरत्यात. घ्यायचं आसल तर खालच्या अंगाला घ्या." मग जरा विचार करून म्हणाला, "पर पावसाळ्यात खाली पाणी शिरतंय, ते बी बघा."

घर घेण्याबद्दल आम्हाला मिळालेला सगळ्यात कामाचा सल्ला हाच. तोही फुकट.

(पेठा. अरुंद बोळ, लाकडी दारं.)

सोलापूर दोन आहेत, आणि त्यांच्यामधली रेघ १९९२ ची आहे. त्या साली शहराची हद्द वाढली. बाळे, केगाव, देगाव, शेळगी, कुमठे, सोरेगाव अशी भोवतालची गावं शहरात आली. तीसेक वर्षं उलटली तरी लोक आजही पत्ता सांगताना 'हद्दवाढ भागात' असंच म्हणतात. २०११ च्या जनगणनेत शहर साडेनऊ लाखांचं होतं.

रेघेच्या आतलं सोलापूर म्हणजे कसबा, बाळीवेस, मंगळवार पेठ, साखर पेठ, भवानी पेठ. इथं सगळं पायाखाली आहे. दवाखाना, भाजी, चाटी गल्लीतलं कापड, सिद्धेश्वरांचं मंदिर. गाडी लावायला मात्र जागा नाही, आणि जुन्या वाड्याच्या उताऱ्यावर इतकी वारसांची नावं असतात की त्या सगळ्यांच्या सह्या गोळा करण्यातच उमेद संपावी. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या दिवसांत, जानेवारीत, नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या मार्गावर घर असेल तर पाहुणे सांगून येत नाहीत. ही अडचण आहे की चैन, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

(यंत्रमागाचा आवाज. खटखट, खटखट.)

पूर्व भाग. अशोक चौक, कन्ना चौक, दत्त नगर. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची ही वस्ती. खाली माग, वर संसार. दारातल्या रांगोळीला इथं मुग्गू म्हणतात, नवरात्रात बायका फुलांची बतुकम्मा मांडतात, आणि दुकानदार तुमच्याशी मराठीत, गिऱ्हाइकाशी तेलुगूत आणि हमालाशी कानडीत एकाच दमात बोलतो. मागाचा आवाज पहिल्या रात्री डोक्यात बसतो. माझ्या एका मित्राचं बालपण इथलंच. तो म्हणतो, आवाजानं नाही बे, लाईट जाऊन माग थांबले की आमची झोप मोडायची.

इथं एक बोलायलाच हवं. सोलापुरात 'तो भाग कसा आहे?' असं विचारा. उत्तर मिळतं ते तिथं कोण राहतात याचं. भाग कसा आहे ते राहूनच जातं. आवाज खाली आणून 'आपल्यातलीच माणसं आहेत तिकडं' हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकलं की नंतर मोजणं सोडलं. कचऱ्याची गाडी कधी येते, ड्रेनेज लाईन आहे की सेप्टिक टँक, रात्री नऊला बाईमाणूस एकटी रिक्षातून उतरू शकते का, हे त्याच माणसाला दोन-दोनदा विचारावं लागलं.

(होटगी रोड. लांबवर धावपट्टी.)

होटगी रस्त्याला सध्या भाव आहे विमानाचा. सिद्धेश्वर साखर कारखान्याची उंच चिमणी विमानाच्या वाटेत येत होती. वर्षानुवर्षं वाद चालला आणि अखेर जून २०२३ मध्ये ती पाडली. तेव्हापासून या बाजूच्या प्रत्येक प्लॉटबरोबर 'आता दर बघा कसे पळतात' हे वाक्य मोफत मिळतं. पळतीलही. पण विमानतळाजवळ इमारतीच्या उंचीला मर्यादा असते, हे त्याच दमात कुणी सांगत नाही. वर दोन मजले चढवून भाडं खायचा विचार असेल तर आधी ते तपासा.

अक्कलकोट रस्त्याला एमआयडीसी, चादरी-टॉवेलचे कारखाने. काम तिथंच असेल तर शेळगी किंवा विडी घरकुल वसाहतीकडून जाणं-येणं सोपं. पुणे रस्त्याला केगावात विद्यापीठ, म्हणून भाडेकरू. यापलीकडे सांगण्यासारखं आम्हाला तिथं फार सापडलं नाही. दुपारी गेलो होतो, मे महिना होता, ऊन बेचाळीसच्या पुढं. वरच्या मजल्याचा फ्लॅट बघायचा असेल तर मात्र याच वेळी बघा. भिंतीला तळहात लावा.

(मोकळा प्लॉट. पायासाठी खणलेला खड्डा.)

हा खड्डा बघा. वर चार-पाच फूट काळी माती, कापल्यासारखी. खाली पिवळट मुरूम. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि भेगाळते. पाया तिच्यावरच टेकवला असेल तर घर तिच्याबरोबर हलतं. मिस्त्री सांगत होते, "मुरूम लागंपर्यंत खाली जायाचं, न्हाईतर दोन वर्सात खिडकीच्या कोपऱ्यातनं तिरपी चीर येती." तयार घराचा पाया दिसत नाही, चीर दिसते. आम्ही एका नव्याकोऱ्या बंगल्यात कपाटामागं बघितलं. पुट्टी ताजी होती, तीही तेवढ्याच पट्ट्यात, तिरपी.

कागदांचं थोडक्यात. हद्दवाढ भागात गुंठ्यानं विकलेले प्लॉट पुष्कळ. सातबाऱ्यावर दहा नावं, बिनशेती झालेलंच नाही, तरी कंपाऊंड, गेट आणि नावाची पाटी तयार. २००१ चा गुंठेवारीचा कायदा अशी बांधकामं नियमित करायला आहे, पण 'होऊन जातंय की' हा काही दाखला नव्हे; नियमित झाल्याचा कागद हातात घ्यावा. महापालिकेतून झोन दाखला काढला की प्लॉटवरून रस्ता जाणार आहे की बाग, तेही कळतं. नवी स्कीम पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर असेल आणि तिच्यात आठपेक्षा जास्त फ्लॅट असतील, तर महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प प्राधिकरणाचा, नोंदणी नंबर लागतो. बाकी सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदी तपासल्याचा अहवाल, वकिलाकडून घ्या. विकणाऱ्याच्या वकिलाकडून नको.

(पुन्हा तीच गल्ली. पहाट.)

साडेतीन. एका गेटातून मावशी बाहेर बघतायत. "कोन पायजे ओ?"

घर बघायला आलोय म्हटल्यावर पदर तोंडाला लावून हसल्या. "आत्ता व्हय?"

विनंती केली तशी त्यांनी मोटर बंद केली आणि नुसती तोटी सोडली. धार करंगळीएवढी. आम्ही घड्याळ लावलं. एक बादली भरायला चार मिनिटं. बादलीत तोवर रस्त्यावरचा दिवा हलताना दिसायला लागला होता.

"आमच्यात असंच," त्या म्हणाल्या. "पलीकडच्या गल्लीत बगा, टाकीजवळ. दोन तासांपूर्वीच येऊन गेलं. मोटर बी लागत न्हाई त्यास्नी."

मग तिकडं एखादं घर विकाऊ आहे का?

"तिकडचं कोन इकतंय ओ," मावशी म्हणाल्या, आणि पाईप उचलून दुसऱ्या बॅरलमध्ये टाकला.