घोड्याच्या दोरासाठी वळलेला पूल

श्रोतेहो, नमस्कार.

इंग्लंडच्या चेशायर भागात मॅक्लेसफील्ड नावाचा कालवा आहे. लांबी सुमारे २६ मैल, वाहतुकीला खुला झाला १८३१ साली. त्यावरचे काही दगडी कमानीचे पूल मला फार आवडतात. तिथले लोक त्यांना ‘स्नेक ब्रिज’ म्हणतात, म्हणजे सापासारखे वळलेले पूल.

हे वळण नुसतं शोभेचं नाही हं. त्या काळी नावा घोडे ओढत. काठच्या वाटेवर घोडा, मागे लांबच लांब दोर आणि पाण्यात पंचवीसेक टन माल भरलेली अरुंद नाव. ही वाट काही ठिकाणी एका काठावरून दुसऱ्या काठावर जाते. साध्या पुलावरून घोडा पलीकडे नेला तर दोर पुलाला अडकणार. म्हणजे दोर सोडा, घोडा पलीकडे न्या, पुन्हा बांधा; आणि तेवढ्यात नाव आपली वाहत पुढे!

यावर बांधणाऱ्यांनी काढलेली तोड पाहा. घोडा चढणीच्या वाटेनं पुलावर चढतो, पाणी ओलांडतो, पलीकडच्या उतारावरून गोल वळसा घेत खाली येतो आणि त्याच पुलाच्या कमानीखालून पुढे निघतो. दोर सुटतच नाही! कठड्यावरून सरसर घसरत तो घोड्यामागून कमानीखाली येतो. म्हणून कठड्याला कुठे टोकदार कोपरा ठेवलेला नाही, दगड गोलसर घडवलेत. तिथल्याच डोंगरांतला खरबरीत वालुकाश्म, पण पाथरवटांनी तो किती मऊ वळवलाय! घोड्याचा आणि नावाड्याचा एवढा विचार करून बांधलेलं काम बघितलं, की मला त्या अनाम गवंड्यांना नमस्कार करावासा वाटतो.

आपल्याकडे जुन्या विहिरीच्या काठाला पोहऱ्याच्या दोरानं खाचा पडतात ना, तशाच खाचा इंग्लंडमधल्या कालव्यांवरच्या पुलांनाही आहेत. ओला दोर जमिनीवरून घासत येई, त्याला वाळूचे कण चिकटत आणि वर्षानुवर्षं तो दगड कापत राही.

पुढे इंजिनं आली, घोडे गेले. आता या कालव्यावर हौशी मंडळींच्या नावा फिरतात. कधी या कालव्याकाठच्या काँगल्टन गावाच्या बाजूला गेलात, तर अशा पुलावर उभं राहून नुसता फोटो काढू नका. उतारावरून खाली या, कमानीच्या कोपऱ्यापाशी वाका आणि दगडावरून हात फिरवा.