चाकावरचा संसार, लहान मुलं आणि जरा हळू चालणं

नमस्कार मंडळी,

गाडीच्या मागे ट्रेलर जोडायचा, त्यातच बिऱ्हाड थाटायचं आणि कच्च्याबच्च्यांना घेऊन जागा बदलत राहायचं, अशी कुटुंबं आता काही फार नवलाची राहिली नाहीत. आम्हीही तसंच राहतो, मी, नवरा, पाच वर्षांचा मुलगा आणि नुकती चालायला लागलेली मुलगी. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात तसं. आज मला यातली एकच गोष्ट अगदी मनापासून सांगायचीय, ती म्हणजे अशा जगण्यात घरचे दमतात ते जागा लहान असते म्हणून कमी, आणि सारखं हलत राहिल्यामुळे जास्त.

जागेचं सगळेच विचारतात, चार माणसं एवढ्याशा खोक्यात मावतात कशी? मावतात हो. 1969 मध्ये अपोलो 11 चे तीन अंतराळवीर चंद्रावरून परत आले तेव्हा त्यांना क्वारंटाइन म्हणून वेगळं ठेवलं ते एअरस्ट्रीम कंपनीच्या ट्रेलरमध्ये बदल करून बनवलेल्या बंद खोलीतच, सोबत एक डॉक्टर आणि एक इंजिनिअर, म्हणजे पाच मोठी माणसं, आणि ते खोकं जहाजावरून ह्यूस्टनपर्यंत तसंच नेलं, ते आतच. त्यांना दार उघडायची मुभा नव्हती, आपल्याला आहे, आणि लहान मुलं असली की सगळा फरक तिथेच पडतो. दाराबाहेरची माती, दगड, झाड ही त्यांची खेळायची खोली. पण ती खोली त्यांची व्हायला दोन-तीन दिवस तरी लागतात, आणि तेवढ्यात आपण गाशा गुंडाळला तर पोरांना वाटणारच ना की आत्ता कुठे ओळख झाली होती!

आता निघायच्या दिवशी काय काय असतं ते ऐका. सगळ्यात आधी एकाने मुलांना घेऊन बाहेर जायचं, कारण बाजूला सरकणारी जी खोली असते ना, स्लाइड-आउट, ती आत घेताना फटीत बोटं सापडू शकतात आणि त्या मोटरला बोट काय आणि उशी काय, काही कळत नाही. मग आत राहिलेल्याने कपाटांच्या कड्या लावायच्या, फ्रिजचं दार अडकवायचं, ओट्यावरचं सगळं खाली ठेवायचं. बाहेर पाण्याचा पाइप आणि विजेची वायर काढायची, टाक्या रिकाम्या करायच्या, आधी संडासची आणि मग भांडी-आंघोळीच्या पाण्याची, म्हणजे मागून येणाऱ्या साबणाच्या पाण्याने पाइप आपोआप धुतला जातो, आणि हा पाइप प्यायच्या पाण्याच्या पाइपजवळसुद्धा ठेवायचा नाही. मग हिच, म्हणजे गाडी आणि ट्रेलर अडकवायचा सांधा, जोडा, लॉक लागलंय का ओढून बघा, साखळ्या खालून एकमेकींवरून फुलीसारख्या लावा, ब्रेकची केबल लावा, एकाने इंडिकेटर द्यायचा आणि दुसऱ्याने मागे उभं राहून ओरडायचं, लागला, लागला! चाकांखालचे ठोकळे सगळ्यात शेवटी काढायचे. मुक्कामाला पोचल्यावर बरोबर उलटं, आधी ठोकळे आणि मगच हिच सोडायची, हा क्रम कितीही घाई असली, कितीही पाऊस असला, धाकटी कितीही रडत असली तरी बदलायचा नाही.

आणि वजन, यावर मी जरा जास्तच बोलते, पण बोलू दे. मुलांचे बंक बेड बऱ्याच ट्रेलरमध्ये अगदी मागच्या टोकाला असतात. त्यामुळे मुलांचं सगळं तिकडेच साठत जातं, पुस्तकांचे खोके, ठोकळ्यांचा डबा, गोळा केलेले दगड (दगड खरंच खूप जड होतात मंडळी), आणि मागचा भार वाढला की हिचवरचा भार कमी होतो. अमेरिकेत ट्रेलरवाले सर्रास सांगतात की भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या 10 ते 15 टक्के भार हिचवर यायला हवा, तो कमी पडला तर वेग वाढल्यावर ट्रेलरचं मागचं टोक डाव्या-उजव्या अंगाला झोकांड्या खायला लागतं आणि पुढची गाडीही ओढली जाते. तेव्हा जोरात ब्रेक मारायचा नाही, वेग वाढवून सरळ करायचं तर डोक्यातही आणायचं नाही, स्टिअरिंग घट्ट सरळ धरायचं, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढायचा आणि फक्त ट्रेलरचा ब्रेक, ज्याचा कंट्रोल ड्रायव्हरच्या हाताशी असतो, तो हाताने हळूच द्यायचा. पाणीसुद्धा वजनच आहे, 100 लिटर म्हणजे 100 किलो, टाकी कुठे बसवलीय ते बघून भरायचं. वजनकाट्यावर जाऊन या, अंदाजाने धकवू नका.

मुलं बसणार पुढच्या गाडीत, आपापल्या सीटमध्ये, पट्टा लावून. झोपलंय पोर बेडवर, कशाला उठवायचं, असं वाटतं, मला कळतं, पण चालत्या ट्रेलरमध्ये मूल ठेवायचंच नाही, कितीही जवळ जायचं असलं तरी. मग ओघाने येतं की प्रवासाचा दिवस छोटा ठेवायचा, मध्ये थांबायचं, खाली उतरून पळू द्यायचं, आणि अंधाराच्या आत पोचायचं, कारण अंधारात, दमलेल्या नवरा-बायकोने मिळून ट्रेलर रिव्हर्स घेणं याच्याइतकं भांडण लावणारं दुसरं काही मी तरी पाहिलेलं नाही.

रात्रीचं एक सांगते. स्वयंपाकाचा आणि हीटरचा प्रोपेन गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो, म्हणून त्याचा डिटेक्टर जमिनीलगत बसवलेला असतो, म्हणजे बरोबर रांगणाऱ्या बाळाच्या तोंडासमोर, आणि त्यावर एक मस्त बटण आणि हिरवा दिवा. आमची धाकटी रोज सकाळी तिकडे जाते आणि दाबते, पीं वाजतं, मग सगळ्यांकडे बघते. आम्ही तिला ओरडत नाही, रोजची टेस्ट होऊन जाते. कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टरही हवाच, त्या वायूला ना वास ना रंग. आणि थंडीत सगळं गच्च बंद करून झोपायचं नाही, चार माणसांचा श्वास आणि वर शेगडी पेटली की तिची वाफ, सकाळी खिडक्यांवरून ओघळ येतात आणि गादीच्या खालून बुरशी धरते. छताची खिडकी बोटभर उघडी ठेवा, गादी अधूनमधून उभी करा.

एवढं सगळं रोज-एक-दिवसाआड केलं तर काय होईल ते तुम्हीच सांगा. एक ना धड भाराभर चिंध्या, जागा बघून झाल्या वीस आणि मुलाला आठवतं काय, तर गाडीची सीट. आमचा मोठा झोपताना विचारतो, उद्या इथेच ना? आणि हो म्हटलं की दोन मिनिटांत झोपतो. आत त्याचं सगळं तसंच असतं, तीच खिडकी, तीच गोधडी, बुटांचा तोच कप्पा, आणि ते आम्ही कधी बदलत नाही, पण बाहेरचं जगसुद्धा थोडे दिवस त्याच जागी राहायला हवं असतं त्याला. अमेरिकेत बीएलएम नावाचं सरकारी खातं आहे, त्यांच्या मोकळ्या जमिनीवर बहुतेक ठिकाणी 28 दिवसांत 14 दिवस राहता येतं. लोक त्याला मर्यादा म्हणतात, मला विचाराल तर पूर्ण 14 दिवस राहा, त्यातल्या दुसऱ्या आठवड्यात खरं जगणं सुरू होतं. शेजारच्या ट्रेलरमधली मुलं नावाने हाक मारायला लागतात, पाणी कुठे भरायचं ते न विचारता कळतं, आई-बाबांपैकी ज्याचं काम लॅपटॉपवर असेल त्याला दुपारी सलग दोन तास मिळतात.

शाळेचं मात्र निघायच्या आधी नीट बघा, कारण कायदा जागेप्रमाणे बदलतो. अमेरिकेत पन्नासही राज्यांत घरी शिकवायला परवानगी आहे, नियम प्रत्येकाचे वेगळे, आणि जर्मनीत शाळेत जाणं सक्तीचं, घरी शिकवणं जवळपास चालतच नाही. लसीकरणाचे कागद झेरॉक्स करून गाडीत आणि ट्रेलरमध्ये, दोन्हीकडे ठेवा, नुसते फोनमध्ये नकोत. आणि नवीन जागी पोचल्या पोचल्या मुलांचा डॉक्टर कुठे आहे ते शोधून ठेवा, ताप रात्रीच चढतो.

ज्यांच्या मनात हे चाललंय त्यांना माझं एवढंच सांगणं, घरातलं सामान विकायच्या आधी एक ट्रेलर भाड्याने घ्या आणि एकाच जागी आठवडाभर उभा करून त्यात मुलांसकट राहा. फिरायला जाऊच नका. रात्री बाळ रडलं तर दुसऱ्याला न उठवता कुठे घेऊन बसायचं, ओले कपडे कुठे वाळतात, दोघांपैकी एकाला फोनवर बोलायचं असेल तर बाकीचे कुठे जातात, हे बघा. आणि त्या आठवड्यात पाऊस सांगितला असेल तर बुकिंग अजिबात रद्द करू नका, दोन दिवस बाहेर पडता आलं नाही की तुम्हाला जे कळायचं ते सगळं तिथेच कळेल.

नमस्कार.