आधी साचा, मग सुरी

(सांगलीत झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, १७९४ साली लंडनच्या एका मासिकात पुण्याजवळच्या शस्त्रक्रियेची हकीगत छापून आली. कावसजी नावाचा मराठा गाडीवान इंग्रजी फौजेत बैल हाकायचा. टिपूच्या लोकांनी त्याचं नाक कापलं होतं. इथल्या वैद्याने मेणाचा पातळ पत्रा कापलेल्या जागी बसवून नाकाचा आकार घडवला, तोच सपाट करून कपाळावर ठेवला, कडेने रेघ मारली आणि मगच सुरी हातात घेतली. त्या रेघेतली कातडी खाली वळवून नवं नाक झालं.

आज आमच्या चेहऱ्या-जबड्याच्या शस्त्रक्रियांत संगणक त्या मेणाचं काम करतो. उसाच्या हंगामात अंधारात उभ्या ट्रॉलीवर गाडी आदळते, गालाचं हाड आत जातं, डोळा खाली उतरतो. सीटी स्कॅनचे काप एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ लागतात; जाड घेतले की पडद्यावरच्या हाडाला पायऱ्या पडतात. शाबूत बाजू आरशासारखी उलटवून मोडक्या बाजूवर ठेवली की हाड किती सरकलंय ते दिसतं. तो आकार थ्रीडी प्रिंटरवर काढायचा आणि टायटॅनियमची प्लेट आदल्या दिवशीच त्यावर वाकवून ठेवायची. पेशंट भुलीत असताना पक्कड घेऊन खटपट करावी लागत नाही.

तंबाखू-मिश्रीपायी जबडा गेलेल्यांचं काम याहून अवघड. पायातलं फिब्युला हाड रक्तवाहिन्यांसकट काढून त्याला जबड्याचा बाक द्यायचा. कुठे आणि किती तिरकं कापायचं, त्याच्या खाचा असलेला गाइड, म्हणजे हाडावर बसवायचा साचा, छापून घेतो. घोट्याकडचं सहा-सात सेंटिमीटर हाड मात्र सोडायचं, नाहीतर घोटा डळमळतो.

आता 'स्मार्ट' पदार्थ, म्हणजे उबेसारखा बदल झाला की आपणहून वागणं बदलणारे. टायटॅनियम हाडाशी छान जुळतं, पण त्याला स्मार्ट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. नितिनॉल मात्र खरंच तसं आहे, निकेल आणि टायटॅनियमचा मिश्रधातू. दात सरळ करायची त्याची एक तार गार पाण्यात धरून हवी तशी वाकवा, वेड्यावाकड्या दातांत अडकवा. तोंडाच्या उबेने ती मूळ कमानीकडे परतू लागते आणि दात हळूहळू ओढत नेते.

पण चेहऱ्याचा मेळ कुणाच्या मापाने जमवायचा? जबड्याच्या कोनांची जुनी प्रमाण मापं अमेरिकेतल्या गोऱ्या लोकांच्या एक्स-रेवरून ठरलेली आहेत. तासगावच्या मावशींना ती का लावायची? शिवाय दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असलेला चेहरा कुणाचाच नसतो. पडद्यावर देखणा दिसणारा जबडा दातांवर दात बसू देत नसेल, तर भाकरी चावणार कशी?

म्हणून नातेवाइकांना सांगतो, स्कॅनच्या सीडीबरोबर दुखण्याआधीचे फोटो आणा, एक तरी हसतानाचा. लग्नातला चालेल, स्टुडिओवाल्याने गुळगुळीत केलेला नको. घरात जुनी कवळी असेल तर तीही आणा. तोंड मिटल्यावर जबडा किती उंचीवर थांबायला हवा, याचा अंदाज तिच्यावरून येतो.