शायर हॉलच्या तळघरातला जिना

श्रोतेहो, नमस्कार. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ डॉर्सेट नावाचा परगणा आहे आणि डॉर्चेस्टर हे त्याचे मुख्य गाव. गावाच्या मोठ्या रस्त्यावर फिकट दगडात बांधलेली शायर हॉल ही इमारत आहे. थॉमस हार्डविक या वास्तुविशारदाने तिचा आराखडा केला आणि १७९७ साली ती पूर्ण झाली. वर न्यायालय आणि खाली कोठड्या, अशी तिची रचना. शिक्षा भोगणाऱ्यांचा तुरुंग वेगळा, फ्रोम नदीच्या बाजूला होता. इथल्या कोठड्या खटल्याची वाट पाहणाऱ्यांसाठी होत्या. कोठड्यांकडून वर निघालेला अरुंद जिना थेट आरोपीच्या पिंजऱ्यात उघडतो. खालच्या अंधारातून आलेला माणूस एकाएकी न्यायाधीश, ज्यूरी आणि प्रेक्षक यांच्या नजरांसमोर उभा राहतो.

हा जिना इतिहासात गेला तो १८३४ च्या मार्च महिन्यात. डॉर्चेस्टरपासून काही मैलांवर टॉलपडल नावाचे खेडे आहे. तिथल्या शेतमजुरांची आठवड्याची मजुरी नऊ शिलिंगांवरून आठ, आठावरून सात अशी उतरत गेली होती आणि आता ती सहावर आणण्याची भाषा सुरू झाली होती. जॉर्ज लव्हलेस हे त्या मजुरांपैकीच एक, मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचे प्रवचनकार. त्यांच्या पुढाकाराने मजुरांनी आपली एक संघटना बांधली आणि नव्या सभासदाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून, मानवी सांगाड्याच्या चित्रासमोर त्याला गुप्ततेची शपथ देण्याची पद्धत ठेवली. तीन-चार वर्षांपूर्वीच दक्षिण इंग्लंडभर मजुरांनी मळणीयंत्रे फोडली होती, गंजी पेटवल्या होत्या. त्यामुळे जमीनदारांच्या मनात धास्ती होतीच.

अडचण अशी होती की, मजुरांनी संघटना करणे हा १८२४ नंतर गुन्हा राहिला नव्हता. मग जेम्स फ्रॅम्प्टन या स्थानिक जमीनदार-मॅजिस्ट्रेटने गृहमंत्री लॉर्ड मेलबर्न यांच्याशी पत्रव्यवहार केला आणि बेकायदा शपथांविरुद्धचा एक जुना कायदा हुडकून काढण्यात आला. आरमारातल्या बंडानंतर केलेला हा कायदा, योगायोग पाहा, १७९७ चाच, म्हणजे शायर हॉलच्या वयाचा. फेब्रुवारीत जॉर्ज आणि जेम्स लव्हलेस हे भाऊ, टॉमस आणि जॉन स्टँडफील्ड हे बापलेक, जेम्स हॅमेट आणि जेम्स ब्राइन अशा सहा जणांना अटक झाली.

खटल्याच्या दिवसांत त्यांना याच इमारतीच्या तळघरात ठेवले होते. जॉर्ज लव्हलेस यांनी पुढे लिहून ठेवले आहे की, ती कोठडी वर्षातून दोनदाच, म्हणजे फिरते न्यायाधीश गावात आले की उघडत असे. आत उजेड नावापुरता, आणि शेकोटीसाठी दिलेले सरपण इतके ओले की ओल आणि धूर यांनी जीव घुसमटत असे. तीन दिवस त्यांनी तिथे काढले. न्यायाधीश जॉन विल्यम्स यांनी सहाही जणांना सात वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा फर्मावली. आपल्याकडे जिला काळ्या पाण्याची शिक्षा म्हणत, तिचाच हा प्रकार. फक्त जहाज ऑस्ट्रेलियाकडे जाणारे होते.

या निकालाविरुद्ध एप्रिलमध्ये लंडनमध्ये प्रचंड मोर्चा निघाला, दोन लाखांहून अधिक सह्यांचा अर्ज झाला, आणि १८३६ साली सहाही जणांना माफी मिळाली. ते परतले, पण पाच जण पुढे कॅनडात जाऊन स्थायिक झाले. एकटे हॅमेट टॉलपडलला राहिले. म्हातारपणी दृष्टी गेल्यावर त्यांनी डॉर्चेस्टरच्याच वर्कहाउसमध्ये, म्हणजे निराधार गरिबांच्या आश्रयगृहात मुक्काम हलवला आणि १८९१ साली तिथेच त्यांचे निधन झाले.

याच न्यायालयात १८५६ साली मार्था ब्राउन हिच्यावर नवऱ्याच्या खुनाचा खटला चालला. त्याने चाबकाने मारल्यावर तिने कुऱ्हाड उचलली होती. पण सुरुवातीला तिने घोड्याच्या लाथेने तो मेल्याचे सांगितले आणि ते खोटे तिला भोवले. तुरुंगाबाहेर तिला जाहीर फाशी दिली गेली, तेव्हा गर्दीत सोळा वर्षांचा थॉमस हार्डी उभा होता. पुढे हाच मुलगा कादंबरीकार म्हणून नावारूपाला आला आणि मॅजिस्ट्रेटही झाला.

इथले न्यायालय १९५५ साली बंद झाले, पण टॉलपडलच्या मजुरांची आठवण म्हणून खटल्याची खोली जपून ठेवली गेली. २०१८ पासून इमारतीत संग्रहालय आहे. पाहुणे आधी कोठड्या पाहतात, मग त्याच जिन्याने चढून पिंजऱ्यात उभे राहतात. समोरचे न्यायाधीशाचे आसन रिकामे असते. तरीही त्याच्याकडे पाहायला मान वर करावी लागते.