कडेवरचा युवराज

१९१३ सालचं हे छायाचित्र नीट पाहा. रोमानोव्ह घराण्याच्या राजवटीला ३०० वर्षं झाली म्हणून रशियात सोहळे चालले आहेत. आणि युवराज अलेक्सेई? आठ वर्षांचा हा मुलगा एका धिप्पाड कोसॅक सैनिकाच्या कडेवर आहे. एवढा मोठा मुलगा कडेवर का, हे गर्दीला कुणीच सांगितलेलं नाही.

त्याला हिमोफिलिया होता, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार. जरासा मार लागला तरी आतल्या आत रक्त साचायचं, सांधा सुजायचा आणि पोर रात्र रात्र कण्हत राहायचं. राजघराण्याने हे जगापासून लपवलं.

१९१२ च्या ऑक्टोबरमध्ये पोलंडमधल्या स्पाला इथे तर अखेरचे धार्मिक संस्कारही उरकले होते. आई, म्हणजे रशियाची राणी (त्सारिना) अलेक्झांड्रा, हिने सायबेरियात निरोप धाडला. तिथल्या पोक्रोव्स्कोये गावचा शेतकरी आणि बैरागी ग्रिगोरी रास्पुतिन याची तार आली: मूल जाणार नाही, डॉक्टरांना त्याला फार छळू देऊ नका. मूल वाचलं. त्या दिवसापासून या शेतकऱ्याविरुद्ध बोललेला एकही शब्द तिने मनावर घेतला नाही. त्याची दारू, त्याच्याभोवतीच्या बायका, पोलिसांचे अहवाल, सगळं तिच्यासाठी खोटं होतं. उशाशी बसून रात्री काढलेल्या आईला आपण काय दोष देणार?

पण ती नुसती आई नव्हती. १९१५ मध्ये, पहिलं महायुद्ध चालू असताना, तिचा नवरा त्सार निकोलस सैन्याची सूत्रं हाती घेऊन मोगिल्योव्हच्या छावणीत गेला आणि राजधानीत तिचा शब्द चालू लागला. त्याच सप्टेंबरमध्ये तिने नवऱ्याला पत्रातून बजावलं, की मंत्र्यांच्या बैठकीआधी रास्पुतिनच्या कंगव्याने केस विंचरावेत. आघाडीवर माणसं मरत होती, शहरांत पावासाठी रांगा लागत होत्या आणि दीड वर्षात चार पंतप्रधान झाले.

रशिया एकट्या रास्पुतिनने बुडवला, हे मला पटत नाही. युद्ध आणि भूक त्याने आणली नव्हती. पण मुलाचं दुखणं माहीत नसलेल्या लोकांनी राणी आणि या बैराग्याच्या नात्याचा स्वतःच अर्थ लावला, आणि तो गलिच्छ होता.

डिसेंबर १९१६ मध्ये युसुपोव्ह राजवाड्यात त्याचा खून झाला. मारेकऱ्यांत त्सारचा चुलतभाऊही होता. अडीच महिन्यांत सिंहासन गेलं.

जुलै १९१८. येकातेरिनबुर्ग. त्सारच्या सगळ्या कुटुंबाला गोळ्या घातल्यावर मुलींचे कपडे उतरवले गेले. त्यांच्या गळ्यात ताईत होते. आत रास्पुतिनचं चित्र आणि त्याची प्रार्थना शिवलेली होती.