सोमवार ते शनिवार: मराठवाड्यातल्या ख्रिस्ती घरांचा नित्यक्रम

[दृश्य: अंधार. शेतात हलणारा बॅटरीचा उजेड, पाटातून वळणारं पाणी.]

मराठवाड्यात शेतीला वीज कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की घरातला माणूस दोन वाजता दारं धरायला शेतात असतो. शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, आणि आलं की घर झोपत नाही. अशा घरांमधून दर ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत एक संकल्प होतो: उद्यापासून रोज पहाटे पाच ते सहा प्रार्थना. संक्रांतीच्या आत तो मोडतो. मोडणाऱ्याला वाटतं, आपली श्रद्धाच कच्ची. खरं म्हणजे ज्या तासावर आपला ताबा नाही, तोच तास त्याने देवाला लिहून दिलेला असतो.

जाणते पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, म्हणून घड्याळाची वेळ सांगत नाहीत, कामाची सांगतात. धार काढून झाल्यावर. चहाचं आधण ठेवायच्या आधी. दुकानाचं शटर वर करायच्या आधी. काम रोज होतंच, त्यामुळे त्याला बांधलेली दहा मिनिटंही रोज होतात. सुरुवातीला दहाच. पहिल्या आठवड्यात तासभर बसणारा माणूस तिसऱ्या आठवड्यात बहुधा बसलेला नसतो.

[दृश्य: जालना. रेल्वे स्टेशन, जुन्या दगडी भिंती, चर्चच्या आवारातली झाडं.]

इथली ख्रिस्ती मंडळी आजची नाही. एकोणिसाव्या शतकात धर्मोपदेशक नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली. कॅथलिकांचा औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ साली झाला. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या १९७० साली उत्तर भारतीय चर्चमध्ये एकत्र आल्या. मेथॉडिस्ट आहेत, अलीकडच्या स्वतंत्र मंडळ्याही आहेत. कुणाकडे मिस्सा आणि जपमाळ, कुणाकडे प्रभुभोजन आणि शब्बाथशाळा, म्हणजे मुलांचा रविवारचा बायबलवर्ग. रविवारी काय चालतं हे त्यामुळे घराघरात वेगळं असतं. सोमवारची अडचण मात्र सगळ्यांची एकच, आणि हा माहितीपट त्या सोमवारबद्दल आहे.

[दृश्य: ओसरी. मांडीवर उघडं बायबल, शेजारी शाळेची वही आणि पेन.]

आधी वाचन. नव्याने सुरुवात करणारा बहुतेक वेळा पहिल्या पानापासून धरतो. उत्पत्ती गोष्टींची आहे, ती सरसर जाते. निर्गमही विसाव्या अध्यायापर्यंत नीट चालतं. पुढे निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापं येतात, मग लेवीय या पुस्तकातले यज्ञविधी, आणि पुस्तकातली रिबीन तिथे पाच-पाच वर्षं अडकलेली सापडते. त्यापेक्षा मार्कच्या शुभवर्तमानापासून धरावं. सोळाच अध्याय, चारही शुभवर्तमानांत सगळ्यात लहान. रोज अर्धा अध्याय घेतला तर महिन्याभरात येशूचं चरित्र एकदा डोळ्यांखालून जातं. त्यानंतर लूक आणि प्रेषितांची कृत्ये लागोपाठ.

एक हिशेब कामाचा आहे. नव्या करारात, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागात, २६० अध्याय आहेत. आठवड्यातले पाच दिवस रोज एक वाचला तर बरोबर ५२ आठवडे होतात. उरलेले दोन दिवस बुडालेलं भरून काढायला. अख्ख्या बायबलात १,१८९ अध्याय. वर्षात संपवायचे तर रोज तीन-चार. पहिल्या वर्षी या वाटेला जाऊ नये. चार दिवस चुकले की तेरा अध्यायांची थकबाकी होते, आणि थकबाकीची धास्ती या भागात कुणाला समजावून सांगायला नको. चुकलेलं सोडून द्यावं, आजचं वाचावं.

वाचायचं मोठ्याने, आणि दोनदा. मग वहीत तीन ओळी. या उताऱ्यात देव कसा दिसतो? तो काय करायला सांगतो? ते आज कुठे करायचं? तिसऱ्या ओळीत माणसाचं किंवा जागेचं नाव यायलाच हवं. ‘सर्वांवर प्रेम करावे’ असं लिहिलं तर ओळ फुकट गेली. ‘शेजारच्या काकूंची घमेली परत द्यायची, तीन महिने झाले’ असं लिहिलं तर कामाची.

आणखी एक खोड मोडायला हवी. डोळे मिटून बायबल उघडायचं, बोट ठेवायचं, आणि तेच आजचं वचन धरून पोरीचं स्थळ ठरवायचं किंवा बोअर घ्यायची. हा कौल लावण्याचाच प्रकार झाला. वचनाला मागचापुढचा संदर्भ असतो. तो वगळला की बोट जिथे पडेल तिथे आपलीच इच्छा सापडते.

ज्यांना वाचता येत नाही त्यांचं काय? मराठी बायबल मोबाइलवर ऐकायला मिळतं. आणि पाठांतर आहेच. ओव्या, अभंग कानावरून पाठ करणाऱ्या या मुलखात ते अवघड नाही. तेविसाव्या स्तोत्रात सहा वचनं आहेत: आठवड्याला एक, दीड महिन्यात पूर्ण. निंदताना, पाणी भरताना म्हणत राहायचं. पुष्कळदा घरात सगळ्यात जास्त वचनं आजीलाच पाठ असतात.

[दृश्य: संध्याकाळ. पेटी, टाळ, ढोलकी. लहान मुलं पेंगुळलेली.]

घरची प्रार्थना मुलांसाठी मोडते ती लांबल्यामुळे. पंधरा मिनिटं पुरेत: एक गीत, दहाबारा वचनं, दोघांची छोटी प्रार्थना, शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. वाचन मुलांनी करावं, अडखळलं तरी मध्ये टोकू नये. आणि वडिलांनी प्रार्थनेच्या आडून मुलाला दटावू नये. ‘प्रभू, याला अभ्यासाची बुद्धी दे’ हे देवाला कमी आणि पोराला जास्त ऐकवलेलं असतं, आणि पोराला ते कळतं. गाण्याची या भाषेत ददात नाही. नारायण वामन टिळकांनी अभंगाचा साज ख्रिस्ती भजनाला चढवला, तेव्हापासून टाळ-पेटीवरची भक्ती इथल्या मंडळ्यांची आपली झाली आहे.

एकट्याने प्रार्थना करताना शब्द संपतात, ही नेहमीची तक्रार. त्यावरचा उपाय येशूनेच दिला आहे. मत्तयाच्या सहाव्या अध्यायातली हीच प्रभूची प्रार्थना एका दमात म्हणून टाकायची नाही, एकेका ओळीवर थांबायचं. ‘तुझे राज्य येवो’ इथे गावातल्या पाण्याच्या भांडणाचं नाव घ्यायचं. ‘आमची रोजची भाकर’ इथे घरातल्या खर्चाचं. दिदाखे ही ख्रिस्ती शिकवणीची पुस्तिका पहिल्या शतकाच्या अखेरीची किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीची. तिच्यात ही प्रार्थना दिवसातून तीनदा करायला सांगितली आहे. कामावरच्या माणसाला तेवढी झेपते.

मग गारपीट होते, किंवा सोयाबीन ऐन काढणीत भिजतं, आणि आभार मानायला तोंड उघडत नाही. अशा वेळी ‘सगळं चांगल्यासाठीच असतं’ असं म्हणणाऱ्यांपासून चार हात लांब राहावं. १३ वं स्तोत्र ‘किती काळ?’ असं विचारतच सुरू होतं. ८८ वं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलासाही देत नाही. ही स्तोत्रं पवित्र शास्त्रात मुद्दाम ठेवलेली आहेत. ती म्हणणं अविश्वास नव्हे.

झोपण्याआधी दिवस तपासायची एक रीत सोळाव्या शतकात संत इग्नाशियस लोयोला यांनी घालून दिली. कॅथलिकांकडे ती चालत आली आहे, पण कुणालाही जमेल. दिवसाबद्दल आभार, नीट दिसावं म्हणून प्रकाशाची मागणी, सकाळपासूनच्या गोष्टी क्रमाने आठवणं, चुकलं त्याची क्षमा, आणि उद्यासाठी एकच निश्चय. दोन केले की दोन्ही राहून जातात.

[दृश्य: कापसाचं शेत. वेचलेल्या कापसाची गाठोडी, लटकवलेला काटा.]

इथवरचं सगळं घरातलं झालं. आता खरा प्रांत: शेत, मोंढा, बांध. खूप वाचणारा, सुंदर प्रार्थना करणारा माणूस इथे कोरडाच राहिलेला दिसतो, कारण इथे पैसा मध्ये येतो.

कापूस वेचणीची मजुरी किलोवर असते. म्हणजे काट्यात खोट असेल तर ती थेट बाईच्या पोटाला बसते. लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात खरे तराजू, खरी वजनं ठेवायची आज्ञा आहे. वाचनात लेवीय कंटाळवाणं वाटतं ना, ते इथे कामाला येतं. काटा रिकामा लटकवून शून्य दाखवायचा, आकडा वेचणारीला स्वतः वाचू द्यायचा, आणि तिच्यादेखत वहीत लिहायचा. बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा चोविसावा अध्याय सांगतो, मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्या. आठवड्याने हिशेब होत असेल तिथे निदान बाजाराच्या दिवशी सकाळी द्यावा. संध्याकाळी पैसे दिले तर तोवर बाजार उठलेला असतो.

मोंढ्यात मोह दुसरा. व्यापारी कडता कापतो, म्हणजे वजनात घट धरतो, मग आपण कापसावर पाणी मारलं तर काय बिघडलं? सोयाबीनच्या ओलाव्याची मर्यादा साधारण १२ टक्के. तर वरच्या पोत्यात वाळलेलं, खालच्यात ओलं. असा हिशेब सगळेच करतात, म्हणूनच तो पाप वाटत नाही. कडत्याविरुद्ध बाजार समितीत तक्रार करता येते, चार शेतकरी मिळून भांडता येतं, आणि भांडावंच. पण पाणी मारलेल्या पोत्यावर बसून ते भांडण करता येत नाही. आधी फसवलेलं असेल तर जकातदार जक्कयाची गोष्ट आहे: येशू घरी आला तेव्हा त्याने नुसता पश्चात्ताप बोलून दाखवला नाही, लुबाडलेलं चौपट परत करतो म्हणाला. लूक, अध्याय १९.

बांधाचं भांडण याहून जुनाट. दोन्ही भाऊ एकाच चर्चमध्ये, एक डाव्या बाकावर, एक उजव्या. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात क्रम दिला आहे: आधी दोघांनीच बोला, मग एकदोन जण सोबत घ्या, मग मंडळीला सांगा. आपल्याकडे क्रम उलटा होतो. आधी प्रार्थना सभेत ‘अमक्याच्या मनपरिवर्तनासाठी प्रार्थना करा’ अशी विनंती येते, म्हणजे चहाडीच, फक्त डोळे मिटून. मग व्हॉट्सॲप. समोरासमोर बोलणं सगळ्यात शेवटी, तेही तहसीलच्या आवारात. बोलायला जाताना स्वतःच्या चुकीपासून सुरुवात करावी आणि जमिनीची बात दुसऱ्या भेटीत काढावी. क्षमा केली म्हणजे मोजणी करायची नाही, असं मुळीच नाही. दोघांनी मिळून भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करावा, फी निम्मी-निम्मी भरावी, आणि खुणा जिथे पडतील तिथे दगड रोवावा. समेट टिकतो तो असा.

एक इशारा इथेच. नवरा मारतो म्हणून सांगायला आलेल्या बाईला ‘क्षमा कर, प्रार्थना कर’ एवढं सांगून परत पाठवणं हा या वचनांचा दुरुपयोग आहे. आधी तिची सुरक्षितता, गरज पडल्यास पोलीस. बाकीचं नंतर.

दानाचं थोडक्यात. सोयाबीनचे पैसे हातात आले की आधी दुकानदाराची आणि मजुराची देणी. दुसऱ्याच्या पैशातून दशांश होत नाही. उरलेल्यातला देवाचा वाटा त्याच दिवशी वेगळा काढावा, कारण दिवाळीनंतर तो शोधून सापडत नाही. कापणीच्या सणाला ज्वारी, अंडी, कोंबडी असं जिन्नसही येतं, आवारात लिलाव होतो, आणि चढाओढीत एक दुधी भोपळा बाजारभावाच्या कितीतरी पट किमतीला जातो.

[दृश्य: ऊसतोडीची टोळी. कोप्या (झोपड्या), बैलगाड्या, चुलींचा धूर.]

दिवाळीच्या सुमारास बीडपासून परभणीपर्यंतची गावं ओस पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबं कारखान्यांकडे निघतात ती मार्च-एप्रिलपर्यंत. म्हणजे आगमनकाळ (नाताळाआधीचे आठवडे), नाताळ आणि उपवासकाळाचा (ईस्टरआधीच्या आठवड्यांचा) बराच भाग फडावर. तिथे रविवारची सुट्टी नसते. जी मंडळी विश्वास म्हणजे चर्चला हजेरी एवढंच शिकवते, तिची ही माणसं सहा महिने वाऱ्यावर असतात.

याला जुनाच तोडगा लागू पडतो. १७४२ साली इंग्लंडातल्या ब्रिस्टलमध्ये मेथॉडिस्टांनी साधारण बारा-बारा जणांचे गट पाडले, प्रत्येकावर एक प्रमुख, आणि आठवड्यातून एकदा प्रत्येकाची विचारपूस. पाळक लागत नाही, इमारत लागत नाही. एका तळावर दोन-तीन ख्रिस्ती कोयते, म्हणजे ऊस तोडणारी जोडपी, असली तरी गट होतो. निघण्याआधी पाळकांनी यादी करावी: कुटुंब, कारखाना, मुकादमाचा नंबर, मुलांची वयं. गटाचा प्रमुख शक्यतो बाई असावी. फडावर कोण आजारी आहे, कुणाच्या घरात दारू आहे हे तिला आधी कळतं. भेट रात्री जेवणानंतर, वीस मिनिटं, एकाच्या कोपीसमोर. एक स्तोत्र, मोबाइलवर एक उतारा, आणि प्रत्येकाला एकच प्रश्न: हा आठवडा कसा गेला? उत्तराच्या मध्ये उपदेश घुसला की पुढच्या वेळी कुणी खरं बोलत नाही.

उपवासकाळात फडावर दिवसभर कोयता चालवणाऱ्याने जेवण सोडू नये. कॅथलिक चर्चने बंधनकारक उपवास राख बुधवार आणि उत्तम शुक्रवार असे दोनच ठेवले आहेत, तेही १८ ते ५९ वयाच्यांना, आणि कष्टकऱ्यांना, आजाऱ्यांना त्यातून सूट मिळते. तंबाखूची पुडी सोडावी, गुटखा सोडावा, आणि वाचलेले पैसे डब्यात टाकावेत. पन्नासेक दिवसांत डबा चांगला जड होतो. तो तळावरच्याच एखाद्या अडलेल्या बाळंतिणीच्या औषधाला लागतो, मग ती कुठल्याही धर्माची असो.

परतल्यावर पहिलं काम मुलांचं. शब्बाथशाळेचे आणि दृढीकरणाच्या (कन्फर्मेशनच्या) वर्गाचे सहा महिन्यांचे पाठ बुडालेले असतात, आणि वर्ग पुढे गेलेला असतो. त्यांना मागच्या बाकावर बसवलं तर ती येणं बंद करतात. पुनरुत्थानाच्या सणानंतर (ईस्टरनंतर) आठ रविवार त्यांचा वेगळा तास ठेवावा, उपासनेच्या आधी. उपासनेनंतर ठेवला तर आया स्वयंपाकासाठी घाई करतात आणि तास अर्ध्यावर मोडतो.